मोसंबीच्या बागेतले मोरचूद आणि जस्तावरची रेघ

जालन्याकडच्या मोसंबीच्या बागांत झाडांच्या बुंध्यांना मोरचूद आणि चुन्याची जी निळसर बोर्डो पेस्ट लावतात, तिच्यातले मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार (कॉपर सल्फेट), चित्रकाराच्याही कामाचे आहे, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. एचिंग, म्हणजेच अम्लरेखन, या मुद्राचित्रणाच्या पद्धतीत जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर मेण, डांबर आणि राळ यांचा पातळ थर देऊन त्यावर सुईने चित्र काढतात. सुई धातू कोरत नाही. ती थर खरवडून धातू उघडा पाडते आणि कोरण्याचे काम रसायनावर सोपवते.

जस्तासाठी परंपरेने सौम्य नायट्रिक आम्ल वापरतात, परंतु त्यातून निघणारा तपकिरी वायू फुप्फुसांना घातक असल्यामुळे मोरचूद आणि मीठ यांचे द्रावण मला कितीतरी बरे वाटते. जस्त तांब्याहून अधिक क्रियाशील आहे. म्हणून रेघेतले जस्त विरघळते आणि द्रावणातले तांबे लालसर भुकटी होऊन त्याच रेघेत साचते. ही भुकटी मऊ कुंचल्याने हलकेच झाडत राहावे लागते, नाही तर रेघ कुठे खोल तर कुठे उथळ होते. द्रावणाचा निळा रंग फिका पडू लागला, की त्याचा जोर ओसरल्याचे नुसत्या डोळ्यांनी कळते. उष्णतेने अभिक्रियेचा वेग वाढतो, त्यामुळे जानेवारीत बसवलेला वेळेचा हिशेब मराठवाड्याच्या मे महिन्यात चालत नाही आणि पत्रा लवकर बाहेर काढावा लागतो.

पुढे थर काढून पत्र्यावर शाई चोळतात आणि पृष्ठभाग जाळीदार कापडाने पुसून घेतात. खाचांतली शाई तेवढी मागे राहते. ओलसर कागद ठेवून पत्रा जड रुळांखालून काढला, की कागद खाचांत शिरून ती शाई उचलतो. वाळलेल्या चित्रावरून बोट फिरवले, तर रेघ किंचित उंच लागते.

युरोपात 1500च्या सुमारास चिलखतांवरील नक्षीच्या कामातून हे तंत्र कागदाकडे वळले. ऑग्सबुर्गचा डॅनिएल होप्फर हा त्याच्या आद्य कलावंतांपैकी एक. पैठणला धातूवर अक्षरे कोरण्याची ओळख त्याच्याही आधीची आहे, आणि रामचंद्रदेव यादवाचा शके 1193चा ताम्रपट तिथेच मिळाला. मात्र ताम्रपटाचा ठसा घेताना शाई पृष्ठभागाला लागते आणि खाचा कोऱ्या राहतात. म्हणून त्या ठशात काळ्यावर पांढरी अक्षरे उमटतात, तर एचिंगमध्ये पांढऱ्यावर काळी रेघ.