एफसी गोवा: कोचकडून फॅन्सच्या अपेक्षा

एफसी गोवा हा इंडियन सुपर लीगमधला, म्हणजे आयएसएलमधला मडगावचा क्लब, २०१४ साली सुरू झालेला, घरचं मैदान फातोर्ड्याचं पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियम. ही नोंद मात्र क्लबबद्दल नाही, क्लबच्या कोचच्या खुर्चीकडे डोळे लावून बसलेल्या लोकांबद्दल आहे. बहुतेक सीझनला वरच्या चारात असणारी, गोलांचा पाऊस पाडणारी, पण आयएसएलचा कप एकदाही घरी न आणलेली टीम असली की तिच्या फॅनला कोचकडून नेमकं हवं तरी काय असतं? थोडक्यात उत्तर असं की त्याला दोन गोष्टी हव्या असतात, खेळ गोव्यासारखा दिसला पाहिजे आणि कप आला पाहिजे, आणि या दोन गोष्टी एकाच मॅचमध्ये एकमेकींच्या पायात पाय घालतात.

कप की शिल्ड

बाहेरच्या माणसाला आधी हे समजावून सांगावं लागतं. आयएसएलमध्ये २०२४-२५ पर्यंत तरी दोन बक्षिसं होती. लीग टेबलात पहिला येईल त्याला शिल्ड आणि नंतरच्या प्लेऑफमधून फायनल जिंकेल त्याला कप. शिल्ड सुरू झाली २०१९-२० मध्ये. त्याआधी टेबलात पहिलं येऊन हातात काहीच मिळायचं नाही, आणि २०१५ मध्ये गोवा पहिला आला होता, म्हणजे तेव्हा शिल्ड असती तर ही सगळी रडारड अर्धी कमी झाली असती. पहिली शिल्ड गोव्यानेच जिंकली. शिवाय देशातल्या दुसऱ्या स्पर्धा, सुपर कप २०१९ ला आणि मग २०२५ मध्ये एकाच वर्षात दोनदा, ड्युरंड कप २०२१ ला. म्हणजे कपाट रिकामं अजिबात नाही. युरोपात लीग जिंकणाऱ्यालाच चॅम्पियन म्हणतात, आशियातल्या स्पर्धेची जागाही शिल्डवरच मिळाली, त्या हिशोबाने गोवा एकदा चॅम्पियन झालाय असं म्हणणारे फॅन आहेत आणि माझ्या मते ते बरोबरच आहेत. पण समोरचा मुंबईवाला किंवा बंगळुरूवाला एकच प्रश्न विचारतो, कप कुठाय, आणि तिथे सगळं आर्ग्युमेंट बसतं.

आधीची सवय

गोव्याला देशातल्या सगळ्यात मोठ्या कपचा दुष्काळ ही गोष्ट नवीन आहे, हे लक्षात घेतल्याशिवाय कोचवरचा राग कळत नाही. आय-लीग, म्हणजे आयएसएलच्या आधीची देशातली वरची लीग, २००७-०८ ला सुरू झाली आणि पहिली सहाच्या सहा वर्षं विजेता क्लब गोव्याचाच होता, धेंपो तीनदा, चर्चिल ब्रदर्स दोनदा, साळगावकर एकदा. त्याच्या आधी नॅशनल फुटबॉल लीगमध्येही धेंपो आणि साळगावकर जिंकलेले. धेंपोची पाचही राष्ट्रीय विजेतेपदं आर्मांदो कुलासोंच्या हाताखाली आली, इथलाच माणूस, ना परदेशी लायसनचा गाजावाजा ना ब्राझीलचा शिक्का. म्हणजे ज्या राज्यात भात कापून झालं की त्याच शेतात गोलपोस्ट उभे राहतात, फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, गावागावांत टुर्नामेंट लागतात आणि तावेर्नात, म्हणजे गावातल्या बारमध्ये, बसलेला प्रत्येक जण स्वतःला अर्धा कोच समजतो, तिथे दरवर्षी देशातला सगळ्यात मोठा कप येणं हे पावसासारखं नेमानं ठरलेलं होतं. मग २०१४ ला आयएसएल आली, २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे तिघेही आय-लीगमधून बाहेर पडले, आणि सगळ्या तालुक्यांचा, सगळ्या क्लबांचा भार एकट्या एफसी गोवावर आला. पूर्वी साळगावकर हरला तर धेंपोवाला खूश असायचा. आता हरलं की सगळेच हरतात, आणि सगळ्यांचं बोट एकाच माणसाकडे जातं.

झिको ते लोबेरा

पहिला कोच झिको. ब्राझीलचा झिको, १९८२ च्या वर्ल्ड कपवाला. गोव्यात वर्ल्ड कपला घरांवर ब्राझीलचे झेंडे लागतात, त्यामुळे हा माणूस फातोर्ड्याच्या डगआउटमध्ये उभा आहे यातच लोकांचे पैसे वसूल होते आणि पहिली दोन वर्षं त्याच्याकडे कोणी हिशोब मागितला नाही. २०१४ ला सेमीफायनल, कोलकात्याविरुद्ध दोन्ही मॅच शून्य-शून्य आणि पेनल्टीवर बाहेर. २०१५ ला टेबलात पहिला नंबर, मुंबई सिटीला ७-० (मुंबईत राहणाऱ्या गोवेकरांनी हा स्कोअर कितीतरी वर्षं पुरवून वापरला), घरच्या मैदानावर फायनल, आणि तिथे जे झालं ते खाली येईलच. २०१६ ला थेट शेवटचा नंबर, आणि नाव कितीही मोठं असलं तरी ते तीन सीझनच पुरतं हे तेव्हा कळलं.

२०१७ ला सर्जिओ लोबेरा आला, बार्सिलोनाच्या मुशीतला, आणि गोव्याच्या फॅनची अपेक्षा कायमची बदलली ती याच माणसामुळे. गोलकीपरपासून पास करत यायचं, बॉल आपल्याकडेच पाहिजे, दोन गोल खाल्ले तर चार करायचे. फेरान कोरोमिनास, ज्याला सगळे कोरो म्हणायचे, सलग दोन सीझन लीगचा टॉप स्कोअरर. अहमद जाहू मागून बॉल वाटायचा, ब्रँडन फर्नांडिस आणि मंदार राव देसाई ही घरची पोरं त्यात बरोबर बसली होती. २०१९-२० मध्ये लीगच्या १८ मॅचमध्ये ४६ गोल. असा खेळ एकदा बघितलेल्या माणसाला नंतर १-० चा कंटाळवाणा विजय दाखवला तर तो तीन पॉइंट घेतो पण तोंड वाकडं करतो.

आणि हाच लोबेरा २०२० च्या सुरुवातीला, टीम टेबलात पहिली असताना, लीगच्या तीन मॅच बाकी असताना काढला गेला. क्लबच्या आत काय झालं यावर फॅन्स अजून भांडतात. क्लिफर्ड मिरांडाने तात्पुरतं काम सांभाळलं, जमशेदपूरला त्यांच्या घरी ५-० हरवून शिल्ड आणली, भारतातला पहिला क्लब म्हणून गोवा एएफसी चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या, ग्रुप स्टेजला गेला. मग सेमीफायनलला चेन्नईयिनने पहिल्या लेगला ४-१ मारलं, परतीच्या मॅचमध्ये गोव्याने ४-२ जिंकलं, एकूण ५-६. (चेन्नईयिन हे एक वेगळंच प्रकरण आहे, २०१५, २०१८, २०२० तिन्ही वेळा तेच आडवे आले.)

गेलेला कोच कप उचलतो

गोव्याच्या फॅनला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट हरणं नाही, ही आहे. लोबेरा इथून गेला आणि मुंबई सिटीला गेला, पाठोपाठ जाहू, मुर्तदा फॉल, ह्यूगो बुमू, मंदार हे सगळे गेले, आणि २०२०-२१ मध्ये मुंबईने शिल्ड आणि कप दोन्ही उचलले, तेही सेमीफायनलला गोव्यालाच पेनल्टीवर ६-५ हरवून. तो सीझन कोविडमुळे पूर्ण गोव्यातच, रिकाम्या स्टेडियममध्ये झाला, म्हणजे फॅन घरी बसून टीव्हीवर बघतोय की आपलाच जुना कोच आपल्याच राज्यात दुसऱ्याच्या जर्सीवाल्यांबरोबर कप घेऊन फोटो काढतोय.

पुढचा हुआन फेरांडो. त्याने ड्युरंड कप आणला, मोहम्मेडनविरुद्ध कोलकात्यात, एक्स्ट्रा टाइममध्ये एदू बेदियाच्या फ्री किकवर. चॅम्पियन्स लीगला अल रय्यानशी आणि अल वाहदाशी बरोबरी केली, पर्सेपोलिसविरुद्ध चक्क आघाडी घेतली होती. आणि २०२१ च्या डिसेंबरला सीझन मध्यावर सोडून तो एटीके मोहन बागानला गेला, त्यांनी रिलीज क्लॉज, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट तोडायची ठरलेली रक्कम, भरला आणि विषय संपला. २०२२-२३ चा कप फेरांडोच्या मोहन बागानने जिंकला, फायनल कुठे होती तर फातोर्ड्याला. क्लिफर्डनेही २०२३ ला ओडिशाबरोबर सुपर कप जिंकला. त्यामुळे नवीन कोचची प्रेस कॉन्फरन्स लागली की फॅनच्या डोक्यात पहिला प्रश्न हा चांगला आहे का असा नसतो, हा किती दिवस थांबणार असा असतो. निष्ठा ही कोचकडून अपेक्षा करायची गोष्ट आहे का, तर व्यवहारात नाही, कॉन्ट्रॅक्ट एक-दोन वर्षांची असतात आणि परदेशी माणूस पोटासाठी आलेला असतो. पण तावेर्नात हे कोणाला सांगायला जाऊ नये.

फेरांडो गेल्यावर डेरिक परेरांनी सूत्रं घेतली, टीम नववी आली. मग कार्लोस पेन्या, बघायला गोड टीम आणि सातवा नंबर, प्लेऑफ नाही. पेन्याला फॅन्सनी फार शिव्या दिल्या नाहीत, तो आधी इथे खेळून गेलेला, पण सातवा म्हणजे सातवा. घरच्या कोचचं दुखणंही इथेच येतं. डेरिक परेरांनी महिंद्रा युनायटेडला मुंबईत नॅशनल लीग जिंकून दिलेली आहे, क्लिफर्डने शिल्ड पूर्ण करून दिली, तरी एफसी गोवात गोवेकर कोचला फोन जातो तो आग लागल्यावरच, स्वस्थपणे पूर्ण सीझन आखायला दिलाय असं होत नाही. प्लेअर गोव्याचे पाहिजेत ही मागणी सगळे करतात, कोच गोव्याचा पाहिजे ही मागणी मात्र जुन्या धेंपोवाल्यांपुरतीच उरली आहे, पोरांना स्पॅनिशच पाहिजे असतो.

शेवटची पाच मिनिटं

कोचबद्दलची खरी भांडणं इथे होतात. २० डिसेंबर २०१५, चेन्नईयिनविरुद्धची फायनल, ८७ व्या मिनिटाला जोफ्रेचा गोल, गोवा २-१ पुढे, स्टेडियमने सेलिब्रेशन सुरू केलेलं. ९० व्या मिनिटाला कीपर कट्टीमनीचा सेल्फ गोल, लगेच इंज्युरी टाइममध्ये त्यांच्या मेंडोझाचा गोल, २-३. त्या रात्री मैदानावर असलेला माणूस आजही ८५ व्या मिनिटानंतर खुर्चीत बसत नाही.

मार्च २०१९, मुंबईतली फायनल, बंगळुरूविरुद्ध शून्य-शून्य, जाहूला एक्स्ट्रा टाइममध्ये रेड कार्ड, ११७ व्या मिनिटाला कॉर्नरवरून राहुल भेकेचं हेडर. भेके मुंबईचाच मुलगा. एप्रिल २०२४, सेमीफायनलचा पहिला लेग फातोर्ड्याला, ९० व्या मिनिटापर्यंत मुंबईविरुद्ध २-० पुढे, आणि तिथून छांगटे, विक्रम प्रताप, परत छांगटे, ७-८ मिनिटांत २-३. एप्रिल २०२५, बंगळुरूविरुद्ध पहिला लेग ०-२ हरून आल्यावर घरी ८८ व्या मिनिटाला सादिकूने दुसरा गोल करून हिशोब बरोबरीत आणला, आता एक्स्ट्रा टाइम असं सगळे म्हणत असतानाच ९२ व्या मिनिटाला सुनील छेत्रीचं हेडर.

या चार मॅचमध्ये कोच तीन वेगवेगळे होते, झिको, लोबेरा, मानोलो मार्केझ, प्लेअरही बदललेले. तरी फॅन प्रत्येक वेळी कोचलाच धरतो, सब, म्हणजे बदली प्लेअर, उशिरा का आणला, डिफेंडर का नाही आणला, लाइन खाली का नाही ओढली. आणि हाच फॅन लीगच्या मॅचमध्ये ७० व्या मिनिटाला १-० वर असताना कोचने डिफेंडर आणला तर ओरडतो की बस कशाला पार्क करतोय, सगळे मागे कशाला उभे करतोय, आपण गोवा आहोत. मी स्वतः दोन्ही ओरडलोय, एकाच आठवड्यात.

केरळा ब्लास्टर्सशी याची तुलना नेहमी होते. त्यांच्याही तीन फायनल गेल्या, २०१४, २०१६, २०२२, आणि २०२२ वाली तर फातोर्ड्यालाच. पण तिथली अपेक्षा वेगळी आहे. २०२३ च्या प्लेऑफमध्ये छेत्रीच्या फ्री किकवरून इव्हान वुकोमानोविचने टीमच मैदानाबाहेर नेली, क्लबला चार कोटी दंड बसला, आणि फॅन्सनी त्याला डोक्यावर घेतलं. कोचीला, म्हणजे ब्लास्टर्सच्या गावाला, आपल्यासाठी भांडणारा कोच पाहिजे. गोव्यात असं केलं असतं तर पहिला प्रश्न आला असता, मग फ्री किकसमोर प्लेअरची वॉल का नव्हती लावली.

मानोलो

मानोलो मार्केझ २०२३ ला आला तेव्हा तो पहिला असा कोच होता ज्याने आयएसएलचा कप आधीच जिंकलेला होता, हैदराबादबरोबर, २०२२ ला, ती ब्लास्टर्सविरुद्धची फातोर्ड्याचीच फायनल. म्हणजे पहिल्यांदाच गोव्यातून गेल्यावर नाही, तर गोव्यात येण्याआधीच कप उचललेला कोच आला. पहिल्या सीझनला तिसरा, दुसऱ्याला दुसरा, ४८ पॉइंट. २०२४ च्या जुलैपासून भारताच्या टीमचं कामही त्याच्याकडेच, आणि यावर फॅन्समध्ये दोन तट पडले, एक म्हणायचे मान आपलाच आहे, दुसरे म्हणायचे नवरा एक आणि घरं दोन. इंडियाबरोबर आठ मॅचमध्ये एकच विजय, २०२५ च्या जुलैला ते काम सुटलं, तो गोव्यातच राहिला. तेव्हा दुसऱ्या तटाने आम्ही सांगितलं होतं असं म्हणून घेतलं.

२०२५ च्या मे महिन्यात भुवनेश्वरला जमशेदपूरला ३-० हरवून सुपर कप, बोर्हाचे दोन गोल. ऑक्टोबरला एएफसीच्या स्पर्धेत अल नासर फातोर्ड्याला आली, रोनाल्डो आलाच नाही, गोवा १-२ हरला आणि लोक टाळ्या वाजवत घरी गेले. मग ७ डिसेंबर, परत सुपर कपची फायनल, घरच्या मैदानावर, ईस्ट बंगाल समोर, आयएसएलचा सीझन तेव्हा लीग चालवण्याच्या हक्कांच्या घोळात अडकून सुरूच झालेला नव्हता. १२० मिनिटं शून्य-शून्य, एकही मूव्ह लोबेराच्या काळातली वाटली नाही, पेनल्टी, आणि स्कोअर ६-५, मुंबईने २०२१ ला आपल्याला हरवलेलाच स्कोअर, फक्त यावेळी सहा आपले होते. खेळ कंटाळवाणा झाला अशी तक्रार करणारा त्या रात्री मला तरी मडगावात कोणी भेटला नाही.