बायोडाटा लग्नाचा की नोकरीचा? रेझ्युमे छापून घेण्याआधी वाचा

सांगलीत विश्रामबागला आमचं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. कोणी येऊन ‘बायोडाटा काढायचाय’ म्हणालं की आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: लग्नाचा की नोकरीचा? लोक हसतात, पण आम्ही खरंच विचारत असतो. नोकरीच्या कागदावर जन्मवेळ, उंची, रास आणि मामांचं गाव लिहून आणणारे अजूनही येतात. वडिलांचा व्यवसाय आणि भावंडांची संख्यासुद्धा असते. ते सगळं सोयरिकीला ठीक. कुपवाडच्या कारखान्यातल्या साहेबांना तुमच्या हाताला कोणतं काम येतं तेवढंच बघायचं असतं. रेझ्युमे हा मूळचा फ्रेंच शब्द आणि त्याचा अर्थच सारांश. नवख्या माणसाला एक पान पुरतं. आठ-दहा वर्षं नोकरी झाली असेल तर दोन.

आता आमचीच एक चूक सांगतो. आमच्या कॉम्प्युटरवर एक तयार नमुना होता. नाव बदलायचं, मार्क बदलायचे, प्रिंट काढायची. वर ‘ऑब्जेक्टिव्ह’, म्हणजे नोकरीतलं ध्येय, म्हणून इंग्रजीतली तीन ओळींची जड वाक्यं, खाली ‘वरील माहिती सत्य आहे’ असं प्रतिज्ञापत्र. एकदा एकाच कंपनीच्या मुलाखतीला आमच्याकडची तीन मुलं गेली आणि तिघांच्या कागदावर तेच ऑब्जेक्टिव्ह, शब्दाशब्दासकट. तिघांनाही त्या वाक्याचा अर्थ विचारला गेला. एकालाही सांगता आला नाही. परत येऊन त्यांनी आम्हाला जे ऐकवलं ते इथे छापण्यासारखं नाही. त्या दिवशी तो नमुना आम्ही काढून टाकला.

तेव्हापासून आम्ही एकच गोष्ट बघतो. कागदावरची प्रत्येक ओळ म्हणजे समोरच्याला प्रश्न विचारायला दिलेलं आमंत्रण. ज्या ओळीवर दोन मिनिटं बोलता येत नाही, ती छापायची नाही.

आयटीआय झालेला एक मुलगा नुसतं ‘सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं धातूकामाचं मशीन) ऑपरेटर, अनुभव दोन वर्षे’ एवढंच लिहून आला. आम्ही खोदून विचारलं. मशीन टर्निंगचं, म्हणजे जॉब फिरवून कापणारं, की व्हीएमसी, म्हणजे उभ्या कटरचं? मशीनचा कंट्रोल कोणत्या कंपनीचा, फॅनुक की सिमेन्स? नुसतं जॉब लावून बटण दाबायचास की ऑफसेट, म्हणजे टूलच्या मापाची जुळवणी, पण घ्यायचास? मापं कशाने घ्यायचास? उत्तरं आली तशी चार ओळी लिहिल्या आणि कागदाला वजन आलं. मात्र ‘व्हर्नियर, मायक्रोमीटर वापरता येतो’ असं लिहिलंत तर लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, विचारणारच. आपल्याकडच्या नेहमीच्या व्हर्नियरचा ०.०२ मिमी आणि मायक्रोमीटरचा ०.०१ मिमी. हे लिहिणाऱ्याला झोपेतही सांगता यायला हवं. कॉमर्सवाल्यांचंही तेच. ‘टॅली, जीएसटी’ एवढं लिहून भागत नाही. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यासाठी जीएसटीआर-१ ची (विक्रीचा तपशील) तारीख पुढच्या महिन्याची ११ आणि ३बी ची (कर भरण्याचं रिटर्न) २०. एखाद्या सीएच्या ऑफिसात बसून तुम्ही ती कधी पाळली असेल तर तसं लिहा. नसेल पाळली तर ‘टॅलीत व्हाउचर एंट्री येते’ एवढंच लिहा. खरं आहे ना, मग पुरे.

छंदाच्या रकान्यात ‘वाचन’ लिहिणाऱ्याने शेवटचं वाचलेलं पुस्तक आठवून ठेवावं. मधलं एखादं वर्ष रिकामं गेलं असेल तर तारखा ओढूनताणून जुळवू नका. शेती बघितली, घरात आजारपण होतं, परीक्षेची तयारी केली, जे असेल ते एका ओळीत सांगता येतं. मार्कशीटवर सीजीपीए असेल तर सीजीपीएच लिहा. टक्के स्वतःच्या गणिताने काढू नका, विद्यापीठाने दिलेलं सूत्र असेल तरच काढा.

कागदाबद्दल थोडंसं. रोजच्या झेरॉक्सचा कागद साधारण ७०-७५ जीएसएमचा (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) असतो. रेझ्युमेला १०० जीएसएमचा पांढरा ए-फोर घ्या, हातात बरा वाटतो. रंगीत कागद, वेलबुट्टीची चौकट, चकचकीत कव्हर काही नको. स्पायरल बाइंडिंग तर मुळीच नको, कारण ऑफिसात कागद सुटा करून स्कॅन करायचा असतो. (बाइंडिंगचे पैसे आम्हालाच मिळतात, तरी सांगतोय.) प्रिंट लेझरचीच काढा. लेझरची पावडर उष्णतेने कागदावर पक्की बसते. इंकजेटची शाई पावसाच्या दोन थेंबांनी फुटते आणि मुलाखती काही पावसाळा बघून ठेवत नाहीत. फाइल मेलने पाठवायची असेल तर पीडीएफच पाठवा. वर्डमधली मांडणी दुसऱ्या कॉम्प्युटरवर हलते. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं मराठी तर तिकडे नुसती चिन्हं दिसतात, म्हणून मराठी मजकूर आम्ही युनिकोडमध्येच करतो. आणि फाइलला नाव स्वतःचं द्या. ‘फायनल नवीन २’ या नावाच्या फाइली त्यांच्याकडे ढिगाने पडलेल्या असतात.

आता मुलाखतीच्या खोलीत. चार प्रती न्या. समोर तीन माणसं बसली तर प्रत्येकाला एक आणि तुमच्याजवळ एक. साध्या फोल्डरमध्ये सगळ्यात वर रेझ्युमे, खाली प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स, मूळ कागद वेगळ्या कप्प्यात. मागितल्यावर पिशवीत हात घालून शोधाशोध करावी लागली की घाम फुटतो, म्हणून आदल्या रात्री एकदा काढून-ठेवून बघा. कागद देताना अक्षरं त्यांच्याकडून सरळ वाचता येतील असा फिरवून द्या. दिलात की गप्प बसा. बहुतेकांचं इथेच चुकतं. ते वाचत असतात आणि आपण शांतता नको म्हणून बोलत सुटतो. अर्धा मिनिट वाचू द्या, मान वर केली की बोला. ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटल्यावर कागदावरचंच घडाघडा म्हणून दाखवू नका, तो त्यांच्या हातातच आहे. कागदात न मावलेलं एखादं काम सांगा.

मूळ प्रमाणपत्रं दाखवायची, ठेवायला द्यायची नाहीत. झेरॉक्सवर सही करून स्वतः साक्षांकित करा. मूळ कागद लॅमिनेट करू नका. एकदा केलं की ते काढता येत नाही आणि शिक्का, उठाव नीट तपासता येत नाही.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, तेव्हा कित्येकांच्या फाइली लगद्यासारख्या झाल्या. नंतर लोक दुय्यम प्रतींसाठी कोल्हापूरच्या विभागीय मंडळाकडे अर्ज करायला आमच्याकडे येत होते. म्हणून सगळं एकदा स्कॅन करून ठेवा आणि डिजीलॉकरवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन कागदपत्रांच्या कपाटात, जे मिळतं ते उतरवून घ्या. तिथे मंडळाने किंवा विद्यापीठाने स्वतः दिलेली मार्कशीट मूळ कागदासारखीच धरली जाते.

पुण्याची पहाटेची गाडी पकडायची असेल तर प्रिंट आदल्या संध्याकाळी घेऊन जा. सकाळी लाइट गेली तर आम्हीही काही करू शकत नाही. काम झाल्यावर तुमची फाइल आणि आधारची प्रत आमच्या कॉम्प्युटरवरून पुसायला सांगा. आम्ही तुमच्यासमोरच पुसतो, पण गर्दीत विसरलो तर आठवण करून द्या.