हिमोग्लोबिन खरंच उतरलं का?

काल हिमोग्लोबिन 12 होतं, आज 11.2. रिपोर्ट हातात पडला की नातेवाइकांचा जीव टांगणीला लागतो, आणि उद्या सकाळी पुन्हा सीबीसी, म्हणजे हिमोग्लोबिन आणि रक्तपेशी मोजणारी तपासणी. जितक्या जास्त तपासण्या तितकी चांगली काळजी, ही समजूत फार घट्ट रुजली आहे. पण हे दोन आकडे मुळात वेगळे आहेत का?

धडधाकट माणसाचं हिमोग्लोबिनसुद्धा स्वतःच्या सरासरीभोवती सुमारे 2.8 टक्के हलत असतं. त्यात यंत्राची तफावत, समजा 1 टक्का. या दोन्हींची सरळ बेरीज होत नाही. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की जेमतेम 3 टक्के येतात. आता तुलना दोन रिपोर्टांची आहे आणि दोन्ही हलतात, म्हणून 2 च्या वर्गमुळाने गुणायचं. शिवाय 95 टक्के खात्री हवी, म्हणून 1.96 ने. उत्तर 8 टक्क्यांच्या आसपास. 12 चे 8 टक्के म्हणजे जवळपास 1. तेव्हा आकडा 11 पर्यंत येईतो नुसत्या रिपोर्टावरून 'उतरलं' म्हणता येत नाही.

याहून सुंदर गोष्ट खाटेवर घडते. उभं असताना पायांतल्या केशवाहिन्यांतून पाणी ऊतींत झिरपतं आणि रक्त दाट होतं. आडवं झाल्यावर ते पाणी परत येतं. चालत आलेल्या रुग्णाचा पहिला नमुना दाट, झोपलेल्याचा दुसरा पातळ. थेंबभर रक्त न जाता हिमोग्लोबिन घटलेलं दिसतं!

रोजच्या सुईने मात्र रक्त खरोखर जातं. कॅनडातल्या 25 अतिदक्षता विभागांत नेहमीच्या नळ्यांऐवजी कमी रक्त ओढणाऱ्या नळ्या वापरून पाहिल्या. 2023 साली निष्कर्ष आले. सर्व 27,411 रुग्णांचा हिशेब धरला तर दर 100 रुग्णांमागे सुमारे 10 पिशव्या रक्त कमी चढवावं लागलं, आणि तपासणीला नमुना अपुरा पडण्याचं प्रमाण नगण्यच राहिलं.

निरोगी माणसांना ढीगभर तपासण्यांची 'पॅकेजं' विकणाऱ्या जाहिरातींचा तर मला संतापच येतो. 'नॉर्मल' मर्यादा आखतानाच 5 टक्के निरोगी लोक बाहेर राहतात. एकमेकींवर अवलंबून नसलेल्या 20 तपासण्या केल्या, तर ठणठणीत माणसाच्या रिपोर्टात निदान एक 'मर्यादेबाहेर' अशी खूण उमटण्याची शक्यता 64 टक्के!

रक्तस्राव होत असेल, नाडी वाढली असेल तर गोष्ट वेगळी. तिथे काही तासांनी पुन्हा तपासायलाच हवं. प्रश्न आहे तो केसपेपरवर एकदा लिहिलेल्या 'रोज सीबीसी' या ओळीचा. तिला शेवटची तारीख नसते, म्हणून रुग्ण सुधारला तरी सुई टोचली जातच राहते.