दोन स्टेशनरी: कुठे ई, कुठे ए

झेरॉक्सच्या दुकानांच्या पाट्या कधी नीट वाचून बघा, एकीकडे स्टेशनरीच्या स्पेलिंगमधे ई असतो आणि दोन दुकानं सोडून ए, आणि कुणाचं काही अडत नाही कारण आत वह्या-पेनं मिळतातच. पण शाळेच्या नोटिशीत किंवा ऑफिसच्या परचेस ऑर्डरमधे हेच चुकलं की खटकतं. कॉम्प्युटरही वाचवत नाही, कारण दोन्ही स्पेलिंगं डिक्शनरीत आहेत, मग खाली लाल रेघ येणार कुठून? आणि उच्चार तर सेमच, ऐकून कळायचा प्रश्नच नाही.

तर स्टेशन लिहून झाल्यावर पुढे ई-आर-वाय आलं की ती दुकानातली स्टेशनरी, म्हणजे वह्या, पाकिटं, लेटरहेड, खोडरबर वगैरे. ए-आर-वाय आलं की अर्थ एकदम वेगळा, एका जागी असलेलं, न हलणारं. जिममधली जागच्या जागी पेडल मारायची सायकल एवाली. सिग्नलला उभ्या असलेल्या तुमच्या गाडीला कुणी मागून ठोकलं आणि क्लेम फॉर्मवर गाडी स्टेशनरी होती असं लिहायचंय, तर तिथेही ए हाच, ई लिहिलात तर गाडी वह्या-पेनांची होते. टीव्हीवर पावसाळ्यात ढगांचे फोटो दाखवतात ते इन्सॅटच्या जिओस्टेशनरी उपग्रहांनी काढलेले असतात, हे उपग्रह विषुववृत्तावर साधारण ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात आणि पृथ्वी स्वतःभोवती फिरायला जेवढा वेळ घेते तेवढ्याच वेळात एक फेरी मारतात, म्हणून खालून बघणाऱ्याला ते आकाशात एकाच जागी आहेत असं वाटतं. हाही ए.

लक्षात ठेवायला मुलांना ई म्हणजे एन्व्हलप असं सांगतात. चालतं ते, पण मला पटत नाही, कारण तो ई तिथे का आहे हे त्यातून कळतच नाही. त्यापेक्षा बेकरची बेकरी, तशी स्टेशनरची स्टेशनरी हे धरा, विकणाऱ्याच्या नावातलाच ई-आर मालाच्या नावात येतो. आणि एवाल्यासाठी टेम्पररी, प्रायमरी, सेकंडरी आठवा, ही सगळी कशाचा तरी गुण सांगणारी विशेषणं आणि सगळ्यांच्या शेवटी ए-आर-वाय.

पण हे दोन शब्द एवढे सारखे का, तर दोन्ही एकाच घरातले आहेत. मध्ययुगात युरोपात बरेचसे विक्रेते गावोगाव फिरून माल विकायचे, पण विद्यापीठांच्या गावांतल्या पुस्तकवाल्यांचं दुकान एका जागी असायचं, म्हणून त्यांना लॅटिनमधे स्टेशनारिअस म्हणायचे, त्यावरून इंग्रजीत स्टेशनर झालं. म्हणजे स्टेशनर हा मुळात न हलणारा दुकानदार! लंडनमधे या लोकांची संघटना १४०३ मधे झाली, १५५७ मधे तिला राजसनद मिळाली आणि पुढे कितीतरी वर्षं इंग्लंडमधल्या छपाईवर तिचाच ताबा होता. नंतर पुस्तकं विकणारे वेगळे झाले, आणि कागद-शाई विकणाऱ्यांकडे स्टेशनर हे नाव राहिलं. आपलं रेल्वे स्टेशनही त्याच मुळातलं, गाडी उभी राहायची जागा.

असाच घोळ प्रिन्सिपलचा होतो, पण तो लवकर सुटतो. कॉलेजचे प्रिन्सिपल आणि होमलोनचं मुद्दल दोन्हीच्या शेवटी पी-ए-एल, कारण दोन्हीकडे अर्थ मुख्य असाच आहे. तत्त्व म्हणायचं असेल तरच पी-एल-ई. बँकेला पत्र लिहून प्रीपेमेंट मुद्दलात वळवायला सांगताना तेवढं पी-ए-एल बघून घ्या.