संगणकात पुन्हा पुन्हा हादरणारं कोयना धरण

अ‍ॅबॅकस हे बांधकामांचं, यंत्रांचं गणित मांडणारं सॉफ्टवेअर जगभरातले अभियंते वापरतात. त्याच्या सोबत येणाऱ्या नमुना उदाहरणांत एक काँक्रीटचं धरण आहे. उंची 103 मीटर, नाव कोयना. होय, पाटण तालुक्यातलं आपलंच. जगाच्या पाठीवर कुठेही भूकंप आणि धरण शिकणारा विद्यार्थी बहुतेक वेळा पहिल्यांदा हेच धरण हलवून बघतो.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंप झाला. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. धरण उभं राहिलं, पण धरण ज्या उभ्या तुकड्यांत बांधलंय, त्यांतल्या अनेक तुकड्यांना, म्हणजे ब्लॉकना, दोन्ही अंगांनी आडव्या चिरा पडल्या. बहुतेक चिरा एकाच पट्ट्यात होत्या, तळापासून साधारण 66 मीटरवर, जिथे पाठीकडचा, म्हणजे पाण्याच्या उलट बाजूचा, उतार एकदम बदलतो तिथे. धरणाच्या गॅलरीत, म्हणजे आतल्या बोगद्यात, बसवलेल्या यंत्राने त्या पहाटेचा धक्काही टिपून ठेवला होता. धक्का माहीत, धरणाचा आकार माहीत, चिरेची जागाही माहीत, असा योग क्वचित जुळतो. हे उदाहरण इतकं गाजलं ते त्यामुळेच.

मूळ आराखड्यात भूकंपाचा हिशेब अगदी साधा होता. धरणाच्या वजनाच्या 5 टक्के जोर आडवा लावायचा, तोही तळापासून माथ्यापर्यंत सारखाच. त्या काळी सगळीकडे असंच करत, त्यामुळे आज त्यावर हसण्यात अर्थ नाही. प्रत्यक्षात यंत्राने नोंदवलेला, प्रवाहाच्या दिशेचा धक्का गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ निम्मा होता. आणि गोष्ट फक्त आकड्याची नव्हती. ऊस बुडाशी धरून हलवून बघा. हाताशी तो जेमतेम सरकतो, शेंडा मात्र सपकन फिरतो. धरणही, कितीही थोराड असलं तरी, भूकंपात असंच वागतं. वरचा निमुळता भाग फटकारे मारतो आणि सगळा ताण त्या वाकणाशी येऊन साठतो.

हे गणितात कसं आणायचं? सॉफ्टवेअर आधी धरणाच्या छेदाची जाळी करतं. या उदाहरणात 760 चौकटी आहेत. प्रत्येक चौकटीला वजन आणि ताठपणा दिला की धरण मोकळेपणी हललं तर कोणत्या लयीत हलेल, ते निघतं. कोयनेची पहिली लय सेकंदाला साधारण तीन हेलकाव्यांची आहे. मग पाण्याचा हिशेब येतो, कारण धरण हललं की त्याला टेकलेलं पाणीही ढकललं जातं. वेस्टरगार्ड या अभियंत्याने 1933 मध्ये काढलेली युक्ती अजूनही चालते: तेवढ्या पाण्याचं वजन धरणालाच चिकटलंय असं धरायचं. शेवटी 1967 ची नोंद तळाशी लावायची आणि सेकंदाचे बारीक बारीक तुकडे करत प्रत्येक क्षणी धरण कुठे आहे, हे मोजत जायचं.

अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचे अनिल चोप्रा आणि पी. चक्रवर्ती यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीलाच हे करून दाखवलं. त्यांच्या गणितात काँक्रीटला न पेलणारा ताण उताराच्या वाकणाशीच आला, म्हणजे जिथे खऱ्या चिरा होत्या तिथेच. पण त्या गणितात काँक्रीट तुटतच नव्हतं, नुसता ताण वाढत जायचा. 1998 मध्ये ली आणि फेनव्हेस या संशोधकांनी काँक्रीटला ‘तुटायची परवानगी’ दिली. चीर उघडली की तिथला ताठपणा जातो. धरण उलट्या बाजूला झुकलं की चीर मिटते आणि दाब पुन्हा पेलला जातो. या मिटण्याचा हिशेब धरला नाही, तर संगणकातलं धरण खऱ्यापेक्षा उगाचच कमकुवत निघतं.

एक गोष्ट मात्र कुठलंही सॉफ्टवेअर आपणहून सांगत नाही: हलणं किती लवकर शमतं. तो आकडा आपण भरायचा. कोणी 3 टक्के धरतो, कोणी 5, आणि तेवढ्यानेही ताण बदलतो. पडद्यावर जास्त ताण दाखवणारा लालभडक डाग बघून माना डोलावणाऱ्याला मी आधी हा आकडा विचारतो. शिवाय उदाहरणातलं धरण म्हणजे एकाच ब्लॉकचा सपाट छेद. खरं धरण आठशे मीटरहून लांब आहे, आणि शेजारशेजारच्या ब्लॉकची उंची एकसारखी नाही.

भूकंपानंतर चिरांमध्ये इपॉक्सी हा चिकट पदार्थ भरला, ताणलेल्या केबल घातल्या आणि उंच ब्लॉकना पाठीमागून काँक्रीटचे टेकू दिले. अ‍ॅबॅकसच्या उदाहरणात हे टेकू नाहीत. तिथलं धरण अजून 10 डिसेंबर 1967 चंच आहे.