खांब यायच्या आधीची वीज

छतावर तीन किलोवॉटच्या सोलर प्लेटा, भर दुपारचं ऊन, आणि तरी लाइट गेली की घरातला पंखा थांबतो. असं झालं की पहिला प्रश्न ठरलेला : मग सोलर कशाला बसवलं? सध्या शहरांत सर्रास बसतंय ते ऑन-ग्रिड सोलर, म्हणजे वीज कंपनीच्या तारांच्या जाळ्याला (ग्रिडला) जोडलेलं. लाइन बंद पडली की त्याचा इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्याच छतावरची वीज झटका देईल. तारेवर अजिबात न विसंबणारं, म्हणजे ऑफ-ग्रिड घर ही निराळी गोष्ट. आणि गंमत अशी, की इतिहासात तीच आधी आली.

१९५०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये डॅरिल चॅपिन यांच्याकडे एक रूक्ष काम आलं होतं. दूरच्या, दमट मुलखांत टेलिफोन यंत्रणेच्या कोरड्या बॅटऱ्या लवकर खराब व्हायच्या. त्यांना पर्याय शोधायचा. त्यांनी उन्हातून वीज करणारे सेलेनियमचे घट तपासले, पण उन्हातली एक टक्काही शक्ती त्यातून विजेत उतरेना. तिथेच जेराल्ड पिअरसन आणि कॅल्विन फुलर सिलिकॉनवर काम करत होते. तिघांनी मिळून केलेला सिलिकॉनचा घट एप्रिल १९५४मध्ये जगापुढे आला. कार्यक्षमता सहा टक्के. पुढच्या वर्षी जॉर्जिया राज्यातल्या अमेरिकस गावाजवळ एका ग्रामीण टेलिफोन लाइनवर त्याची चाचणीही झाली. थोडक्यात, सौरघट घडवला गेला तो वीज न पोहोचणाऱ्या जागांसाठी.

घराचा हिशेबही चॅपिन यांनीच मांडून ठेवला होता. १९५६मध्ये एका वॉटच्या घटाला २८६ डॉलर पडत. त्या भावाने सरासरी अमेरिकी घर चालवायचं तर १४ लाख ३० हजार डॉलर लागले असते. भागाकार केला तर उत्तर येतं पाच हजार वॉट. पाच किलोवॉट! आजही एखाद्या ऐसपैस बंगल्याला साधारण एवढाच संच सुचवतात. माप तेच राहिलं, बदलले ते किमतीतले आकडे.

एवढे पैसे मोजायला तेव्हा फक्त अवकाशवाले तयार होते. मार्च १९५८मध्ये उडालेल्या व्हॅनगार्ड-१ या उपग्रहाचा बॅटरीवरचा ट्रान्समीटर जूनमध्येच गप्प झाला, सौरघटांवरचा मात्र १९६४पर्यंत बोलत राहिला. जमिनीवर भाव उतरायला १९७३ उजाडलं. एलियट बर्मन यांनी एक्सॉनच्या पैशावर काढलेल्या कंपनीने वॉटमागे १०० डॉलरचा दर २०वर आणला. गिऱ्हाईकं कोण? समुद्रातले तेलाचे फलाट, दिशादर्शक तरंगते दिवे. घरं अजून लांबच होती.

घरगुती गिऱ्हाईक मिळालं ते उत्तर कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत. शहर सोडून आलेली तरुण मंडळी तिथे बारा व्होल्टच्या गाडीच्या बॅटरीवर दिवे लावत होती. त्यांच्यात चोरून गांजा पिकवणारेही होते. त्यांच्या हातात रोकड होती आणि विजेचं मीटर दारात नको होतं, हे या स्वच्छ ऊर्जेच्या इतिहासात सहसा कुणी मोठ्याने सांगत नाही. १९७८मध्ये विलिट्स गावी सुरू झालेलं रिअल गुड्स हे दुकान लवकरच अशा लोकांना सोलर पॅनेल विकू लागलं.

पण पॅनेल विकत घेता आलं म्हणजे घर चाललं असं नाही. खरी अडचण नेहमी सूर्यास्तानंतरची. आपल्याकडे भारनियमनाच्या वर्षांत घरोघरी आलेली १५० ॲम्पिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी घ्या. बारा व्होल्टने गुणलं तर १८०० वॉट-अवर, म्हणजे १.८ युनिट. शिसे-आम्लाची बॅटरी रोज निम्म्याखाली उतरवली तर लवकर मरते, म्हणजे हाती उरलं जेमतेम ०.९ युनिट. ७५ वॉटचा जुना पंखा रात्रभर फिरवला की खेळ खलास.

म्हणून गरीब देशांनी मापच लहान केलं. कर्नाटकात १९९५मध्ये सुरू झालेल्या सेल्को या कंपनीने दोन-चार दिव्यांचे संच बँकेच्या हप्त्यांवर दिले. संस्थापकांपैकी हरीश हांडे यांना २०११चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बांगलादेशात २००३पासून सरकारी वित्तसंस्थेच्या योजनेतून चाळीस लाखांहून अधिक घरांवर छोटे संच बसले. तिथे खांब पोहोचले तसे लोक तारेकडे वळले. बिहारमधल्या धरनई गावात तर २०१४मध्ये १०० किलोवॉटच्या सौर ग्रिडच्या उद्घाटनाला आलेल्या नितीशकुमारांकडे लोकांनी ‘असली बिजली’ मागितली. शहरी पाहुण्यांना ते कृतघ्नपणाचं वाटलं असेल. मला ते रास्त वाटतं. ज्या विजेवर फ्रिज चालत नाही ती दुय्यमच, आणि हे त्या गावाला पाहुण्यांपेक्षा चांगलं कळत होतं. घरोघरी वीज पोहोचवण्याच्या आपल्या सौभाग्य योजनेतही २०१७नंतर दुर्गम घरांना मिळाला तो २०० ते ३०० वॉटचा संच : पाच एलईडी दिवे, एक डीसी पंखा, एक प्लग. चॅपिन यांचे पाच हजार वॉट कुठे आणि हे कुठे!

श्रीमंत देशांनी बॅटरीचा प्रश्न बगल देऊन सोडवला. जर्मनीने १९९१ आणि २०००च्या कायद्यांनी छतावरची वीज ग्रिडला विकायची सोय केली. आपणही तीच वाट धरली. महाराष्ट्रात २०१५मध्ये नेट मीटरिंगचे, म्हणजे ग्रिडला दिलेली वीज बिलातून वळती करण्याचे नियम आले. २०२४च्या पीएम सूर्यघर योजनेतलं ७८ हजारांपर्यंतचं अनुदानही ग्रिडला जोडलेल्या संचालाच आहे. ग्रिड हीच बॅटरी. सुरुवातीचा थांबलेला पंखा इथून आला.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत मात्र हिशेब दोन्ही बाजूंनी हलला. साठ वॉटच्या बल्बचं काम नऊ वॉटचा एलईडी करतो, नव्या मोटरचा बीएलडीसी पंखा तीसेक वॉटवर फिरतो. दुसरीकडे १९९०च्या दशकात प्रयोगशाळेत सापडलेलं लिथियम आयर्न फॉस्फेट हे बॅटरीचं रसायन आता घरगुती बॅटरीत आलं. अशी बॅटरी बरीच खोल उतरवली तरी चार्जिंगच्या हजारो फेऱ्या टिकते, आणि डिस्टिल्ड वॉटर घालायची कटकट नाही.

तरीही महाराष्ट्रातलं सर्वांत ठळक ऑफ-ग्रिड सोलर घरावर नाही, शेतात आहे : ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतले पंप. त्यांना बॅटरीच लागत नाही. ढग आले तर पंप मंदावतो, राहिलेलं पाणी उद्या देता येतं. घरातली संध्याकाळ उद्यावर ढकलता येत नाही. वर्षभराची सरासरी धरली तर आपल्याकडे एक किलोवॉट दिवसाला चारेक युनिट देतो. पण जुलैत कोकणात सलग झड लागली की ही सरासरी काही कामाची नसते. त्यामुळे पूर्ण ऑफ-ग्रिड घर बांधणारी शहाणी माणसं प्लेटा गरजेपेक्षा जास्त लावतात, बॅटरी दोन-तीन दिवसांची ठेवतात, आणि पडवीत ताडपत्रीखाली एक छोटा जनरेटरही झाकून ठेवतात.