उपसा वेगळा, खप वेगळा

उन्हाळ्यात पंचगंगेवर उपसाबंदी लागली, म्हणजे शेतीसाठी नदीतून पाणी उचलायला मनाई झाली, की कोल्हापुरात कट्ट्यावर तोच वाद. "शहर सगळी नदी पितंय आणि मोटारी बंद आमच्या." पलीकडून उत्तर, "नदी आटवली ती उसानं." दोघंही दोन वेगळी मापं एकाच तागडीत टाकतात.

नदीतून उचललं तो उपसा. त्यातलं नदीला परत मिळालं नाही तो खप. उसाच्या सरीत सोडलेलं पाणी बरंचसं हवेत जातं, थोडं पाझरून परत येतं. घराचं उलट. माणशी 135 लिटर दिले तर त्यातले 80 टक्के, म्हणजे 108 लिटर, सांडपाणी धरायचं असा ढोबळ हिशेब आहे. आंघोळ, भांडी, संडास. पिण्यात जातं ते दोन-तीन लिटर. शहराचा उपसा मोठा, खप लहान.

इथवर सगळे मान डोलावतात, मग म्हणतात, "परत येतंय न्हवं, मग काय बिघडलं?" ह्या वाक्याचा मला मनस्वी कंटाळा आहे. अहो, कुठं येतं आणि कसलं येतं? शहराच्या वरच्या अंगाला, शिंगणापूरला पंचगंगेतून उचललेलं पाणी शहर फिरून खाली येतं. मधल्या पट्ट्यात नदी तेवढी बारीक. पावसाळ्यात कोण बघतंय, पण एप्रिल-मेमध्ये धरणातून सोडलेल्या पाण्यावरच पात्र चालतं. शहराचं सांडपाणी वाहणाऱ्या जयंती नाल्याचं पाणी प्रक्रियेविना नदीत गेलं तरी हिशेबात ते 'परत आलं'च. मग मे महिन्यात राजाराम बंधाऱ्यावर जाऊन उभं राहा. बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेले, मागं तुंबलेलं काळपट पाणी, वर जलपर्णी.

थेट पाइपलाइननं हिशेब आणखी फिरवला. नोव्हेंबर 2023 मध्ये दूधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणाचं पाणी तिच्यातून शहरात आलं. शिंगणापूरचा उपसा जेवढा थांबेल तेवढं पंचगंगेत राहील, ही जमेची बाजू. पण आता उचल दूधगंगेतून आणि सांडपाणी पंचगंगेत. दूधगंगा पंचगंगेला मिळतच नाही, ती खाली स्वतंत्रपणे कृष्णेला जाते. म्हणजे शहराचा तिथला सगळा उपसा हा दूधगंगेच्या लेखी खपच. दूधगंगेकाठच्या, कागलकडच्या शेतकऱ्याला ते 80 टक्के सांगून बघा एकदा.